दोन गावांची इंदूअक्का

इंदूअक्कांनी मला भाषांतरासाठी दिलेलं पहिलं वाक्य होतं, "त्यासले सांग, अक्का मरी गई."

मी त्यांच्या दारात उभी होते. गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या थांबल्या होत्या. त्यांतून जर्मनीहून आलेले पाहुणे उतरत होते आणि शरदभाऊ त्यांना गटारावरच्या हलत्या फरशीवरून एकेक करून, हात धरून इकडे आणत होते. स्वागताची चार वाक्यं मी सकाळपासून घोकून ठेवली होती. त्यांत हे वाक्य कुठेच बसत नव्हतं.

"अक्का, तुम्ही तर समोर उभ्या आहात," मी म्हटलं.

"मंग सांग, अक्का बाहेरगावले गई. मी तिनी बहीण शे."

तोंडात मिसरी, एक हात चौकटीवर, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, सत्तरीच्या आसपासच्या. तेवढ्यात पाहुण्यांतला सगळ्यात उंच गृहस्थ ओट्यावर चढला आणि त्याने हात जोडून, बहुधा विमानात पाठ केलेलं, "नमस्ते अक्का" म्हटलं. अक्का आत गेल्या, मोरीत चूळ भरली, पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर येऊन स्वच्छ शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "या, बसा. सतरंजीवर बसता येईल ना तुम्हांला?"

परक्यांशी त्या अशी मराठी बोलत. अहिराणीवर आल्या की समजायचं, आता खरं बोलताहेत.

मी जळगावात जर्मन भाषेचा क्लास चालवायची. नर्सिंगच्या मुली, आयटीआयची मुलं, तिकडे नोकरीला जायची स्वप्नं घेऊन यायची. शहरात जर्मन बोलणारी मी एकटीच नव्हते, पण बोलावलं की लगेच येणारी मीच होते. म्हणून शरदभाऊंनी मला समितीच्या कामात ओढलं आणि मग पुढची काही वर्षं, पाहुणे आले की अक्कांच्या डाव्या बाजूला मी, हे ठरूनच गेलं.

शरदभाऊ केळीचे व्यापारी. त्यांची मुलगी लग्नानंतर जर्मनीतल्या एका डोंगराळ गावी राहते. गावाचं नाव आमच्याकडे कुणालाच धड उच्चारता यायचं नाही, म्हणून सगळे "तिकडचं गाव" म्हणायचे. मुलीच्या घरात भिंतीवर माहेरून नेलेला बाळकृष्ण होता, काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेला. तिथल्या नगराध्यक्षांनी तो पाहिला आणि ते उडालेच. कारण त्यांच्या गावातही पिढ्यान् पिढ्या संतांची चित्रं अशीच काचेच्या पाठीवर रंगवली जात. एवढ्यावरून पत्रं गेली, आली. शरदभाऊंनी शहरातले काही डॉक्टर, वकील, व्यापारी गोळा करून एक समिती केली. दोन गावांचं "भगिनी शहर" असं नातं जाहीर झालं. मेहरूणच्या तलावाजवळ समितीने एक लहानसं केंद्र बांधलं. करारात दोन शब्द होते, जिवंत परंपरा.

तो बाळकृष्ण अक्कांच्या सासऱ्यांनी रंगवलेला होता. सासरे गेलेले. मग शोध घेतला, तेव्हा अख्ख्या जळगावात हे काम येणारं एकच माणूस निघालं.

"परंपरा म्हणजे कोण?" अक्का मला एकदा म्हणाल्या होत्या. "मीच ना? मग जिवंत आहे की नाही, हे माझं मला विचारायचं होतं आधी."

हे काम त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. त्या पिंपळनेरकडच्या. लग्न होऊन जळगावात आल्या तेव्हा सासऱ्यांचा हात थरथरायला लागला होता. एक मुलगा दीपनगरला वीज केंद्रात लागला, म्हणजे अक्कांचे यजमान, दुसरा नाशिकला. नव्या सुनेचा हात मेहंदी काढताना हलत नाही, हे सासऱ्यांनी हेरलं आणि दुपारची भांडी झाली की तिला समोर बसवायला लागले. काचेवरचं काम उलटं असतं. कागदावर आपण आधी चेहरा काढतो आणि मग डोळे. इथे आधी बुबुळं, पापण्या, दागिन्यांच्या रेषा. मग त्यावर चेहऱ्याचा रंग. सगळ्यात शेवटी मागचं आभाळ. चुकलं तर काच पुसून पुन्हा पहिल्यापासून. सासरे गेले त्या वर्षी अक्कांनी रंगांच्या वाट्या धुऊन पालथ्या घातल्या आणि पुढं जवळजवळ तीस वर्षं त्यांनी ब्रश हातात घेतला नाही. त्या वर्षांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. मुलाला वाढवलं, यजमानांचं शेवटचं आजारपण काढलं, काही सोपे दिवस नव्हते ते. तरी म्हणायच्या, "काच दिसली की खिडकीची पुसायची, एवढंच काम. माय, काय सुखाचे दिवस होते!"

आणि मग शरदभाऊ शाल-श्रीफळ घेऊन दारात आले.

शरदभाऊ वाईट माणूस असते, तर अक्कांचं काम सोपं झालं असतं, असं मला नेहमी वाटत आलं. ते फार भले गृहस्थ होते. अक्कांच्या घरी पाव्हणे आले की केळीचा घड येऊन पडायचा. अक्कांचा मुलगा विजय याचा फोटो स्टुडिओ मोबाइलच्या जमान्यात बंद पडला होता, तो घरी बसून होता. शरदभाऊंनी त्याला केंद्राचा व्यवस्थापक केलं. अक्कांनी काही मागायच्या आधी ते घरात आलेलं असायचं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, हे अक्कांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

पाहुण्यांसमोर मात्र त्या स्वतःच्या पद्धतीने सूड उगवायच्या. एक चित्र करायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. कधी दोन दिवस, कधी दोन महिने. एकदा एका पत्रकार बाईंनी विचारलं, "रंगवताना तुमच्या मनात काय असतं?" अक्का म्हणाल्या, "पाठ." मी थबकले. "सांग ना, पाठ. दुखते." मी सांगितलं. बाईंनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. रंगवताना भूक लागली की त्या ब्रश ठेवून सरळ उठायच्या, डब्यातली शेव आणि कांदा घेऊन कोपऱ्यात जाऊन बसायच्या. पाहुणे अर्ध्या राधेकडे बघत थांबायचे. चित्र पुरं झालं की त्यावर वर्तमानपत्र टाकायच्या आणि पुन्हा त्याच्याकडे बघायच्या नाहीत. समारंभाचे फोटो केंद्राच्या भिंतीवर ओळीने लावलेत. एकाही फोटोत अक्का कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

"तुम्हांला काय करावंसं वाटतं, अक्का?" मी एकदा विचारलं. आम्ही केंद्राच्या पायरीवर बसलो होतो. समोर तलावाकाठी लोक फिरत होते.

"मले काहीच करनं नही शे," त्या म्हणाल्या. मग मला कळलं की नाही म्हणून माझ्याकडे बघितलं. "आळस नाही हा. पिंपळनेरला माझी धाकटी बहीण आहे, सिंधू. तीही एकटीच. तिचा ओटा रस्त्याला लागून आहे. तिथं बसायचं. गेलं कोण, आलं कोण, बघायचं. कुणी मला बघायला नको, मी बघणार." थोड्या वेळाने हसून म्हणाल्या, "शहराला बहीण मिळाली आणि माझी बहीण बसली तिकडे वाट बघत."

त्या गेल्याही होत्या एकदा, आठ दिवस म्हणून. तिसऱ्या दिवशी समितीची गाडी सिंधूबाईंच्या ओट्यासमोर उभी राहिली. तिकडच्या गावातले शिक्षक अचानक मुंबईहून अजिंठा बघायला आले होते आणि परतताना अक्कांना भेटणार होते. गाडीत विजय होता. त्याने आईला काहीच म्हटलं नाही, नुसता उभा राहिला. अक्कांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि गाडीत बसल्या. मला हे विजयनेच सांगितलं. सांगताना तो खाली बघत होता.

मग मोतीबिंदूचं आलं.

एका वर्षी अक्का खुशीत दिसायला लागल्या. समारंभात विनोद करायच्या, माझ्यासाठी घरून कळण्याची भाकरी आणि भरीत आणायच्या. मला कळेना. एकदा मी त्यांना चहा दिला तर त्यांचा हात कपाच्या बाजूने हवेतच गेला. मी घाबरले. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कोणाले सांगू नको."

"अक्का, डोळे दाखवायला हवेत!"

"दाखवले मी. गुपचूप. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. पिकतोय." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जशी एखादी बाई मुलीचं लग्न ठरल्याचं सांगते. "रेषा दिसत नाही आता. आणखी थोडे दिवस. मग कोण म्हणेल रंगव म्हणून?"

मी कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्याच कार्यक्रमात अक्कांनी कृष्णाची बासरी गालातून आरपार काढली आणि समितीतल्या डॉक्टरांनी ते बघितलं. दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया. सगळ्यात भारी लेन्स, सगळ्यात नावाजलेले सर्जन, खाजगी खोली. शरदभाऊ स्वतः दवाखान्यात बाकावर बसून होते. पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळे खोलीत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "अक्का, दिसतंय?"

अक्कांनी आधी छताकडे पाहिलं, मग शरदभाऊंकडे. शरदभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दिसतंय," अक्का म्हणाल्या. "बठ्ठं दिसतंय. सगळं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर काही महिने समारंभातले विनोद बंद झाले. समितीने केंद्रात मुलींसाठी कार्यशाळा सुरू केली, तेव्हा मात्र त्या पुन्हा हलल्या. हातातलं काम घ्यायला कुणीतरी सापडेल, ही आशा. मुली यायच्या, एखादा मोर रंगवायच्या, फोटो काढायच्या, पुन्हा यायच्या नाहीत. एकच टिकली. पल्लवी नावाची, मेहरूणमध्येच राहणारी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली. ती माझ्या क्लासलाही यायची. तिच्या हाताला अशी काही शिस्त होती की अक्का तिच्याकडे बघत राहायच्या. दीड वर्षात ती चेहरे करायला लागली. अक्कांनी तिला सासऱ्यांच्या काळातले जुने कोरीव ठसे दिले. समितीतही बोलणं सुरू झालं: पल्लवीला मानधन द्यावं, पुढची पिढी म्हणून तिला तिकडच्या गावी न्यावं. अक्का परत विनोद करायला लागल्या.

आणि पल्लवीची जर्मनीतल्या एका इस्पितळासाठी निवड झाली. भाषेच्या परीक्षेत तिला मीच पास करवलं होतं.

ती अक्कांना विचारायला आली तेव्हा मी तिथं होते. ती दारातच रडायला लागली. "अक्का, तुम्ही राहा म्हटलं तर मी राहीन. घरीपण सगळे म्हणतात, इथं राहूनही नाव होईल."

अक्का त्या वेळी मुगाची डाळ निवडत होत्या. ताट मांडीवर तसंच ठेवून त्या बराच वेळ पल्लवीकडे बघत बसल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, राहा. त्यांना म्हणायचंही होतं. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले.

"तुला इस्पितळात काम करायला आवडतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि हे?"

पल्लवीने नाक पुसलं. मग म्हणाली, "हेही येतं मला."

"येतं आणि आवडतं, ह्या दोन गोष्टी वेगळ्या," अक्का म्हणाल्या. "मलाही येत होतं. जाय वं पोरी, जाय. आणि समितीवाल्यांना जायच्या आदल्या दिवशी सांग. आधी सांगू नको. फार गोड बोलतात ते."

पल्लवी पाया पडून गेली. अक्कांनी डाळीचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मी डाळ निवडून टाकली.

त्याच हिवाळ्यात मार्था आल्या.

मार्था म्हणजे तिकडच्या गावातली अक्का. पंचाहत्तरीच्या, उंच, हाडकुळ्या, गुडघे दुखत असल्याने काठी घेऊन चालणाऱ्या. तिकडेही काचेवर संत रंगवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दोन्ही गावांच्या दोन कलाकार समोरासमोर बसून एकच काच रंगवतील, अर्ध्यात संत आणि अर्ध्यात राधा, असा शरदभाऊंनी कार्यक्रम ठरवला होता. दोन दिवसांचा. पहिल्या दुपारी केंद्रात मोठ्या टेबलाशी दोघी बसल्या, मध्ये मी. मागे खुर्च्यांवर समिती, पाहुणे, शाळेतल्या मुलींची एक रांग.

पहिला तासभर नुसते ब्रश चालले. मग मार्थांनी मान वर न करता मला हळूच म्हटलं, "तिला विचारा, तिला हे आवडतं का? मला तर सहन होत नाही."

मी मागे समितीकडे पाहून घेतलं. मग अक्कांच्या कानाशी लागून जसंच्या तसं सांगितलं.

अक्कांचा ब्रश थांबला. त्यांनी मार्थांकडे प्रथमच नीट पाहिलं. आणि त्या हसायला लागल्या. आवाज न करता, सगळं अंग हलवत. मार्थाही. मागून शरदभाऊंनी आनंदाने विचारलं, "काय म्हणताहेत, मॅडम?"

"त्यांना सांग, ब्रशांबद्दल बोलतोय," अक्का म्हणाल्या.

"ब्रशांबद्दल," मी सांगितलं. मागे कुणीतरी "वा!" म्हटलं.

पुढची दुपार मी आयुष्यात विसरणार नाही. दोघी खाली माना घालून रंगवत होत्या आणि बोलत होत्या, आणि मी कुजबुजत एकीचं दुसरीला देत होते. मार्थांच्या वडिलांनी त्यांना हे लावलं होतं. त्यांना खरं तर डोंगरावरच्या चीज बनवणाऱ्या नातेवाइकांकडे जाऊन राहायचं होतं. त्याही एकदा सोडून बसल्या होत्या. मग भगिनी शहर झालं.

"मी दोन वर्षांपूर्वी त्यांना म्हटलं, आता पुरे," मार्था म्हणाल्या. "तर नगराध्यक्ष माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. म्हणाले, भारतात एक म्हातारी बाई तुमच्या भरवशावर रोज रंगवते आहे. तुम्ही सोडलं तर तिला काय वाटेल? मग मी काय बोलणार!"

मी हे अक्कांना सांगितलं. अक्कांनी ब्रश वाटीत ठेवला.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"मला शरदभाऊंनी हेच सांगितलं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "अगदी हेच. तिकडे एक बाई आहे, तिचे गुडघे गेलेत, तरी तुमच्यासाठी बसते. मी हिच्यासाठी बसले, मेधा. आणि ही माझ्यासाठी. दोघी एकमेकींच्या नावानं बांधलेल्या."

मी ते मार्थांना सांगितलं. त्यांनी काठीवर ठेवलेला हात उचलून टेबलावरून पुढे केला, आणि अक्कांनी तो धरला. मागे कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. दुसऱ्या दिवशी तोच फोटो वर्तमानपत्रात होता.

निघताना त्यांनी ठरवलं. उद्या समारोपाला दोघींना दोन शब्द बोलायला सांगतीलच. मार्था पहिल्या बोलतील, सांगतील की हे माझं शेवटचं चित्र. मग अक्का. भाषांतर मी. "घाबरू नको," अक्का मलाच म्हणाल्या. "तू नुसतं सांग. बोलणार आम्ही."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. अक्का नवी हिरवी साडी नेसून आल्या होत्या. मार्था माइकपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी अगदी सरळ सांगितलं, की हे माझं शेवटचं काम, माझे हात थकलेत आणि मला आता माझ्या घरी बसायचं आहे. मी मराठीत सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. मार्थांबरोबर आलेले तिकडचे नगराध्यक्ष उठून उभे राहिले, त्यांचा चेहरा पडला होता. शरदभाऊ खुर्चीच्या कडेवर आले होते.

मग अक्का आल्या. मी त्यांच्या डावीकडे. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि समोर पाहिलं.

समोर, हॉलच्या मागच्या दाराशी विजय उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र. नवीन आलेल्या लोकांसाठी तो जास्तीच्या खुर्च्या लावत होता. कुणीतरी म्हटलं, "विजयसाहेब, इकडे दोन." तो लगबगीने गेला. स्टुडिओ बंद पडल्यावर दोन वर्षं त्याने घरात पांघरुणाबाहेर तोंड काढलं नव्हतं, हे मला अक्कांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्याच्या तोंडावर आत्ता जे होतं, ते केंद्र होतं म्हणून होतं.

अक्का बघत राहिल्या.

"मी आहे अजून," त्या म्हणाल्या.

मला भाषांतर करायला वेळ लागला. मी त्यांच्याकडे पाहिलं, काही पुढे आहे का म्हणून. त्यांनी मान हलवली. मी सांगितलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नगराध्यक्ष धावत आले, त्यांनी टेबलावरचे मार्थांचे ब्रश उचलले आणि सगळेच्या सगळे अक्कांच्या हातात दिले. म्हणाले, आता दोन्ही गावांची परंपरा तुमच्या हातात. मी तेही सांगितलं. मार्थांनी तोंडावर हात दाबून धरला होता. त्यांनी तसं काहीच योजलेलं नव्हतं.

संध्याकाळी पाहुण्यांची गाडी निघण्याआधी मार्था अक्कांजवळ आल्या. "का?" एवढंच विचारलं.

"तिला सांग, तिचा मुलगा तिथं कामाला नाही," अक्का म्हणाल्या.

मी सांगितलं. मार्थांनी अक्कांच्या गालाला हात लावला आणि त्या गाडीत बसल्या.

त्यानंतर पाहुणे वाढले, कमी झाले नाहीत. तिकडच्या गावातली मुलं आता संत बघायलाही जळगावात यायला लागली. अक्का राधेबरोबर संतही रंगवायला शिकल्या. उन्हाळ्यात त्रास नको म्हणून समितीने त्यांना केंद्रात वातानुकूलित खोली करून दिली. एका बाजूला मोठी काच, म्हणजे बाहेर उभं राहून बघता येतं. अक्का सकाळी आत जातात, दुपारी विजय डबा नेऊन देतो.

माझी बदली झाली, म्हणजे नवऱ्याची झाली आणि त्याच्याबरोबर मीही धुळ्याला निघाले. निरोप घ्यायला केंद्रात गेले तेव्हा अक्का एका संताचे डोळे करत होत्या. मी सांगितलं, निघाले आता. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुझ्या फोनवर ती दिसते का? मार्था?"

मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग मार्थांचा चेहरा आला, फार जवळून, नंतर नीट. त्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर बर्फ वितळत होतं. त्या अक्कांना बघून हसल्या आणि विचारायला लागल्या, कशी आहेस, पाठ कशी आहे, मुलगा कसा आहे.

"तिले म्हन, काई बोलू नको," अक्का मला म्हणाल्या. "तशीच बठ."

मी सांगितलं. मार्थांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला, खुर्ची थोडी वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. कधी कप उचलायच्या, कधी नुसत्याच. रस्त्यावरून एक माणूस कुत्रं घेऊन गेला. मार्थांनी त्याला हात केला.

अक्का टेबलावर कोपरं टेकवून, गाल हातांवर ठेवून बघत होत्या. बाहेर मोठ्या काचेपाशी एका शाळेची सहल येऊन उभी राहिली होती. बाईंनी दोनदा काचेवर टकटक केली. विजयने दार अर्धं उघडून आईला हाक मारली.

अक्कांनी वळून पाहिलं नाही. फक्त एक हात वर केला, थांब म्हणून.